चौदावं रीळ

उज्वलाचा फोन आला तेव्हा मकबूलचाचा एका मिक्सरचं पोट उघडून बसले होते. नांदेडला देगलूर नाक्याजवळ त्यांचं टपरीवजा दुकान आहे. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, जे येईल ते दुरुस्त करून मिळतं. पण नाक्यावर त्यांना मिस्त्री कुणी म्हणत नाही. ज्यानं तीस वर्षं सिनेमाची मशीन चालवली त्याला मिस्त्री म्हणणं म्हणजे तहसीलदाराला कोतवाल म्हणण्यासारखं आहे, असं खुद्द चाचांचंच मत. त्यामुळे सगळा नाका त्यांना 'मकबूल ऑपरेटर' म्हणतो आणि चाचा मान किंचित झुकवून तो मान स्वीकारतात.

"चाचा, उभे असाल तर बसा आधी," पलीकडून उज्वला ओरडत होती. "आपला सिनेमा परत लागून राहिला! 'तिसरी किल्ली'! इथं लातूरला, धुऊनपुसून नवा केलेला. रविवारी बाराचा खेळ. माझ्या सगळ्या पोरींची मिळून चाळीस तिकिटं काढली. एक्केचाळिसावं माझं आणि बेचाळिसावं तुमचं. तुमचा सत्कार हाय!"

चाचांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर मिक्सरमध्ये पडला.

"लई चांगलं झालं बेटा," ते म्हणाले. असं म्हणताना त्यांचं तोंड इतकं कोरडं पडलं होतं की समोरच्या गिऱ्हाइकानं न मागता पाण्याची बाटली पुढे केली.

आता यात घाबरण्यासारखं काय होतं, ते सांगायचं तर सत्तावीस वर्षं मागं जावं लागेल. तेव्हा चाचा टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. नायगावला आप्पासाहेबांच्या पडीक रानात तंबू ठोकला होता. इकडे सगळे ज्याला 'तिसरी किल्ली' म्हणायचे तो हिंदी सिनेमा मोठ्या शहरांत आठवड्याभरात उतरला होता, आणि मग त्याची ओरखडे पडलेली रिळं पत्र्याच्या डब्यांतून गावोगाव फिरत होती. गोष्ट अशी. एकटी राहणारी एक मास्तरीण. वरच्या मजल्यावर राजन नावाचा गोड बोलणारा भाडेकरू येतो. तिच्या घराची गुपचूप तिसरी किल्ली करून घेतो. ती शाळेत गेली की घरात शिरून वस्तू हलवतो. चष्मा फ्रिजमध्ये ठेवतो, दूध सांडून ठेवतो, तिच्या मैत्रिणींची पत्रं जाळतो. आणि मग संध्याकाळी हळू आवाजात म्हणतो, तू हल्ली फार विसरायला लागलीस. बाईला वाटायला लागतं की आपलंच डोकं फिरलं. हळूहळू ती त्याला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पिईनाशी होते.

कंधारचा मुक्काम संपवून ही रिळं नायगावला आली तेव्हा डबे निघाले तेराच. चौदावा कंधारलाच राहून गेला होता. तंबू बायामाणसांनी गच्च भरलेला, खेळ सुरू झालेला, आणि चाचांना ही गोष्ट कळली बाराव्या रिळाला. दुसरा कुणी असता तर मशीन सोडून पळाला असता. तेराव्या रिळाच्या शेवटी ती बाई राजनला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावते, बॅग उचलते, गाडीत बसते, आणि खिडकीतून वारं तोंडावर घेत सबंध सिनेमात पहिल्यांदा हसते. चाचांनी ठरवलं, इथंच पुरे. पण शेवटाची पाटी आल्याशिवाय नायगावची पब्लिक उठणार नाही, उलट खुर्च्या मोडेल. मागच्या आठवड्यात एक पौराणिक सिनेमा दाखवला होता, त्याच्या शेवटच्या रिळाचं तुटलेलं शेपूट खोक्यात पडून होतं. चाचांनी ब्लेडनं खरवडलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारली आणि ते शेपूट तेराव्या रिळाला जोडून दिलं.

झालं. गाडी सुटली, बाई हसली, आणि एकदम पडद्यावर भलं मोठं कमळ उमललं. शंख वाजला. 'समाप्त'.

लोक उभे राहिले. शिट्ट्या, टोप्या हवेत. बाया पदरानं डोळे पुसत आणि हसत घरी गेल्या. प्रत्यक्ष देवानं त्या मास्तरणीसाठी शंख फुंकला म्हणल्यावर आणखी काय पाहिजे?

इथवर ती चूकच होती. चोरी झाली दुसऱ्या दिवशी. सकाळच्या एसटीनं चौदावा डबा आला. चाचांनी अंधारासाठी कनाती पाडून, रिकाम्या तंबूत एकट्यानं तो लावून बघितला. ती बाई पुढच्याच स्टेशनावर उतरते. परत येते. कुलूप उघडते. राजन आरामात खुर्चीत बसलेला असतो, जणू त्याला माहीतच होतं. ती स्वतःची किल्ली त्याच्या हातावर ठेवते आणि म्हणते, दरवाज़ा बंद कर दो. पडदा काळा. ना गाणं, ना शंख.

चाचांनी मशीन थांबवली. मग त्यांनी चौदावा डबा खाटेखाली सारला, आणि मुक्काम हलेपर्यंत नऊ दिवस नायगावला कमळच दाखवलं. मालकाला सांगितलं, कंधारवाले डबा पाठवत नाहीत.

त्या नऊ दिवसांतल्या चौथ्या दिवशी आप्पासाहेबांची उज्वला आईबरोबर सिनेमाला येऊन गेली. बावीस वर्षांची होती. लातूरच्या एका इंजिनिअरशी लग्न ठरलेलं, पत्रिका छापायला टाकलेल्या. तो इंजिनिअर दर आठवड्याला पत्र पाठवायचा. कुणाशी बोललीस ते लिही, हिरवी साडी नेसणार असं तूच म्हणाली होतीस, विसरलीस, तुझ्या लक्षात काही राहत नाही. उज्वलानं आपण काय बोललो ते वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली होती, आणि तरी तिला त्या वहीपेक्षा त्याची पत्रंच खरी वाटायला लागली होती. सिनेमा बघून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही. आप्पासाहेबांनी तिच्याकडे बघितलं, वही चाळली, आणि लुना काढून ते पत्रिका थांबवायला प्रेसवर गेले. एवढीच गोष्ट. पण संध्याकाळी ती पोरगी पळत तंबूवर आली आणि मशीनजवळ उभ्या चाचांना म्हणाली, "चाचा, तुमच्या त्या सिनेमानं मला सोडवलं!"

तेव्हाच सांगून टाकायचं होतं. चाचा "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि मशीनला तेल घालत बसले.

पुढे उज्वला शिकली, लातूरला गेली, आणि तिनं मुलींचं वसतिगृह काढलं. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी शिकवण्यांसाठी भोकर, कंधार, नायगावकडून लातूरला येतात, त्या तिच्याकडे राहतात. दर जुलैत पहिल्या शनिवारी ती सगळ्यांना गच्चीवर बसवून 'तिसरी किल्ली'ची गोष्ट सांगते आणि शेवटी स्वतः शंख फुंकते. तिनं त्यासाठी खास शंख आणला आहे. दर ईदला ती चाचांना फोन करते, दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवते. आणि चाचा दर वेळी ठरवतात की आता सांगायचं, आणि दर वेळी चकल्या फार छान झाल्या होत्या एवढंच सांगून फोन ठेवतात.

"अजी, सीधा जाके बोल देव," रविवारी पहाटे जोहराचाची डबा बांधत म्हणाल्या. "सत्तावीस साल से पेट में लेके बैठे. डरते कायकू?"

"उसका दिल टूट जायेगा."

"उसका नै, तुम्हारा टूटेगा. चकल्यां बंद हो जाएंगी बोलके डर रहे तुम." चाचींनी मसाल्याच्या डब्याच्या तळातून एक पाकीट काढलं. त्यात ते कमळाचं शेपूट होतं. रिळं परत करताना चाचांनी त्यातलं दोन हात कापून ठेवून घेतलं होतं. "ये लेके जाव. हात में रहेगा तो मुँह खुलेगा."

लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. एसटीच्या खिडकीला डोकं टेकून चाचा बोलायची वाक्यं जुळवत राहिले. लातूर येईपर्यंत त्यांची सगळी तयारी झाली होती, आणि वसतिगृहाच्या फाटकात पाय ठेवताच ती पार उडून गेली. चाळीस पोरी दोन रांगांत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. एकीनं हार घातला, दुसरीनं फोटो काढला.

"बेटा, मला तुला एक सांगायचं हाय," चाचांनी सुरुवात केली.

"आधी खाऊन घ्या," स्वयंपाकाच्या गुणाबाई मध्येच आल्या. "धपाटे गरम हायत तवर गोड लागतात."

धपाटे झाले, दही झालं, वर आणखी एक धपाटा आग्रहाचा झाला. चाचांनी हात धुतले आणि पुन्हा म्हणाले, "उज्वला बेटा, त्या सिनेमाचं..."

"मला बी तेच बोलायचंय." उज्वलानं त्यांना ऑफिसात नेलं आणि दार लोटून घेतलं. पन्नाशीला आलेली ही बाई हसताना अजून नायगावची पोरगीच दिसते, पण आता हसत नव्हती. "ती निळ्या ओढणीची बघितलीत? सुकन्या. भोकरची. लई हुशार. पण एक पोरगा तिच्या मागं लागलाय. दिवसाला तीस फोन. कुठं हायस, फोटो पाठव, शेजारी कोण बसलंय दाखव. म्या समजावलं, रागावले, काही उपयोग न्हाई. परवा मला म्हणाली, मॅडम, तो म्हणतो तेच खरं असंल, मीच विसरभोळी झाले." उज्वलानं खुर्ची पुढे ओढली. "हे वाक्य माझं हाय, चाचा. जसंच्या तसं. माझं सांगून झालं, आता तिला ती बाई गाडीत बसताना दिसू दे. म्हणून चाळीस तिकिटं काढली. खरं तर एकीसाठीच काढली."

चाचांचं उरलंसुरलं धाबं दणाणलं. पाकीट खिशातल्या खिशात राहिलं, आणि ते म्हणाले, "म्या जरा थेटरात जाऊन येतो. ओळखीचा माणूस हाय."

ओळखीचा माणूस म्हणजे शिवशंकर. नांदेडच्या थिएटरात चाचांनी त्याला मशीनच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या कशा लावायच्या इथपासून शिकवलं होतं. आता तो लातूरच्या या चकाचक थिएटरात मशीन सांभाळत होता. मशीन कसली, तो एक भला मोठा फ्रिज होता. ना रीळ, ना डबा, ना तेलाचा वास. चाचांना त्याची मनापासून कीव आली.

"शेवट कापायचा म्हणताव? यात कापायला काय हाय, चाचा? सगळं आत कुलपात असतंय," शिवशंकर म्हणाला.

"कापू नको. बंद तर पाडता येतंय? ती बाई गाडीत बसून हसली की थांबव. लाइट लाव. मशीन बिघडली म्हण."

"अन् लोक बोंबलले तर?"

"शिव्या म्या खातो. तिच्या भल्यासाठीच करून राहिलो, शिवा. खरं कळलं तर मोडून जाईल पोरगी."

शिवशंकरनं कपाळाला हात लावला. पण गुरूला नाही म्हणायची त्याची पद्धत नव्हती. त्यानं मान हलवली आणि चाचांच्या जिवात जीव आला.

बाराला दहा कमी असताना थिएटरच्या दारात गोंधळ झाला. तपासणी करणाऱ्या बाईला उज्वलाच्या पिशवीत शंख सापडला होता.

"बाहेरचं काही आत नेता येत नाही, मॅडम."

"ते खायच्या वस्तूचं झालं. ह्यो खायचा न्हाई, वाजवायचाय."

नियमाच्या पाटीवर शंखाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे शंख आत गेला.

चाचा आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत बसून सिनेमा बघत होते. ऑपरेटरला सिनेमा कधीच नीट दिसत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. भिंतीतल्या भोकातून तो फक्त चित्र हलत नाही ना एवढंच बघतो. कानात मशीनची घरघर, हात पुढच्या डब्यावर. त्यामुळे राजन नेमकं काय बोलतो, हे चाचांनी आज सत्तावीस वर्षांनी ऐकलं.

पोरी काही गप्प बसून बघणाऱ्या नव्हत्या. राजननं चष्मा फ्रिजमध्ये ठेवला तशी मागून एक ओरडली, "अगं, कुलूप बदल की!" दुसरी म्हणाली, "ब्लॉक कर त्याला!" त्या काळात ब्लॉक करायला फोनच नव्हता, हे कुणी लक्षात घेतलं नाही. सगळी रांग हसली. एकटी सुकन्या हसली नाही. तिच्या मांडीवरचा फोन दर पाच मिनिटांनी उजळत होता, आणि दर वेळी ती त्याच्याकडे आणि मग पडद्याकडे बघत होती.

मध्यंतर जवळ आलं. पडद्यावर राजननं मैत्रिणीचं पत्र मेणबत्तीवर धरलं. कागद जळला आणि तो आरशात बघत, अगदी मायेनं म्हणाला, "मैं जो कर रहा हूँ, उसके भले के लिए कर रहा हूँ. सच जान लेगी तो टूट जाएगी."

चाचा खुर्चीत ताठ झाले. हे वाक्य त्यांनी दोनेक तासांपूर्वी ऐकलं होतं. कुणाच्या तोंडून, हे आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही. एक पत्र त्यानं जाळलं होतं, एक डबा ह्यांनी खाटेखाली सारला होता. आणि आजही बाईनं काय बघावं आणि काय बघू नये, हे ठरवायला हेच वर जाऊन आले होते. चाचांना स्वतःची अशी लाज वाटली की दिवे लागल्यावर त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं, आपल्याकडे कुणी बघत तर नाही ना म्हणून.

"चाचा, कॉफी घ्या," बाहेर उज्वला म्हणाली.

"कॉफी नको. बस इथं." चाचांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तेरा डबे, पौराणिक शेपूट, खाटेखालचा चौदावा डबा, परत येणारी बाई, हातावर ठेवलेली किल्ली. शिवशंकरकडे जाऊन आल्याचंही सांगितलं. "त्या सिनेमात ती सुटत न्हाई, बेटा. म्या सोडवली होती. शंख बी त्यातला न्हाई."

उज्वलानं कप खाली ठेवला. आजूबाजूला पोरी पॉपकॉर्नवर तुटून पडल्या होत्या.

"म्हंजी इतकी वर्षं म्या पोरींना खोटं सांगून राहिले?" ती म्हणाली.

"तू न्हाई. म्या."

"मला एकदा तरी सांगायचं होतं, चाचा. मला."

"हाव," चाचा म्हणाले. "आज बी सांगणार नव्हतो. पण तो राजन माझ्याच तोंडानं बोलायला लागला. शिवाला म्या आता सांगून येतो, काही थांबवू नको म्हणून. अन् तुला पोरींना घेऊन घरी जायचं असंल तर..."

घंटा झाली. उज्वला उठली, तिनं पिशवी खांद्याला लावली आणि आत गेली. पोरी तिच्या मागून गेल्या. कॉफी तशीच राहिली.

चाचा वर गेले. "शिवा, थांबवू नको. पूर्ण दाखव."

"एक काय ते ठरवा बुवा," शिवशंकर म्हणाला, पण त्याचं तोंड एकदम मोकळं झालं होतं.

आत जायचा धीर चाचांना झाला नाही. ते बाहेरच्या बाकावर बसले. हारातली झेंडूची फुलं एकेक करून खुडली गेली. आता बारावं रीळ चालू असेल. आता तेरावं. आतून एकदम टाळ्या आल्या, म्हणजे राजन कोंडला गेला. शिट्टी आली, म्हणजे गाडी सुटली. चाचांनी डोळे मिटले. पुढची बारा मिनिटं आतून काहीही आलं नाही. चाळीस पोरी आणि एक आवाज नाही, हे त्यांना फार वाईट वाटलं. मग दाराच्या फटीतून दिवे लागल्याचा उजेड दिसला. तरी कुणी बाहेर येईना.

आणि आतून शंख वाजला.

काउंटरवरच्या माणसाच्या हातातली पॉपकॉर्नची बादली कलंडली. शंखाचा आवाज लांबलचक होता, छातीतला सगळा दम लावून फुंकलेला. तो थांबायच्या आत टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या झाल्या, आणि दार ढकलून पोरी एकदम बाहेर सांडल्या. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. सगळ्यांत शेवटी उज्वला आली. डोळे लाल, आणि तोंडभर हसू.

"चाचा," ती त्यांच्याशेजारी धपकन बसली. "म्या दर साली पोरींना काय सांगते? त्या बाईचं बघून मला बळ आलं. तिच्या मागं मागं चालत म्या बाहेर पडले."

"माफ कर बेटा."

"ऐका तर. आता बघते तर काय, ती पुढच्याच टेशनावर उतरली की बया! ती गेलीच न्हाई!" तिनं चाचांचा हात घट्ट धरला. "मग म्या कुणाच्या मागं गेले? माझ्या पुढं तर कुणीच नव्हतं. तिला जमलं न्हाई ते म्या केलं, चाचा. अन् सत्तावीस वर्षं त्याचं नाव तिला देऊन राहिले. आत पोरींना हेच सांगितलं. म्हटलं, हा झाला त्यांचा शेवट. ह्यो शंख आपला."

चाचांना हसू आलं की रडू, ते त्यांचं त्यांनाच कळेना. दोन्ही आलं बहुतेक. "चिडली न्हाईस?"

"लई चिडले. ह्या दिवाळीला चकल्या न्हाईत. शेव पाठवीन."

पाकीट उघडलं गेलं. चाचांनी ती पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि पोरींची डोकी तिच्याभोवती गोळा झाली. एकामागून एक, नखाएवढी कमळं. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरींनी रीळ कधी बघितलंच नव्हतं.

"अन् कडेला ही पांढरी नागमोडी रेघ दिसती का? ह्यो शंख," चाचा म्हणाले. "आवाज असा दिसायचा आमच्या टायमाला."

सुकन्या सगळ्यांत पुढे होती. तिच्या हातातला फोन पुन्हा उजळला. तिनं पट्टीवरची नजर काढली, फोनकडे बघितलं, आणि मग उज्वलाकडे.

"मॅडम," ती म्हणाली, "शंख देता का जरा?"

उज्वलानं काही न विचारता पिशवीतून शंख काढून दिला. सुकन्यानं फोन उचलला आणि स्पीकर लावला. आतून एक आवाज म्हणाला, "कुठं हायस? कव्हाचा फोन लावून राहिलो. शेजारी कोण हाय? फोटो पाठव."

पोरगीनं शंख ओठाला लावला. पहिल्यांदा नुसती फुस्स हवा गेली. पोरी खिदळल्या. गुणाबाईंच्या हातचे धपाटे खाऊन छातीत जो काही दम साठला असेल तो सगळा एकवटून तिनं दुसऱ्यांदा फुंकला, आणि शंख असा वाजला की वरून शिवशंकर जिन्यावर पळत आला. फोनमधला आवाज बंद पडला. सुकन्यानं बोटानं दोन ठिकाणी दाबलं आणि फोन दप्तरात टाकला. पुन्हा तो उजळला नाही.

त्याच वेळी चाचांच्या खिशात जोहराचाचींचा फोन आला होता, आणि गडबडीत तो उचललाही गेला होता.

"अजी, बोल दिए क्या?" चाची विचारत होत्या. "और ये इत्ता जोर से क्या बजरा वहाँ?"

"समाप्त बजरा," चाचा म्हणाले, आणि पट्टी पोरींच्या हाती देऊन डोळे पुसायला लागले.